ढमाले सरांची हरकत

ढमाले सर पहिल्यांदा भेटले की नमस्कार करतात आणि लगेच तुम्हाला डोळे मिटायला सांगतात. तुम्ही मिटले की प्रश्न येतो, "सांगा बघू, माझ्या शर्टाला खिसे किती?" बहुतेक लोक 'एक' म्हणतात. खिसा एकही नसतो. सर मुद्दाम बिनखिशाचे शर्ट शिवून घेतात आणि पेन्सिल कानावर ठेवतात. "बघत न्हाई कुनी," असं म्हणून ते मान हलवतात आणि मग तुमचं नाव विचारतात.

मी या शाळेत रुजू झाले त्या दिवशी माझीही परीक्षा झाली. मी गणित शिकवते. शून्याच्या जागी एक सांगितल्याचा राग मला अजून आहे.

आमची शाळा कोळवण खोऱ्यात आहे आणि सर तिथे चित्रकला शिकवतात. इतर शाळांत चित्रकलेचा तास म्हणजे ज्याचा भाग शिकवून व्हायचा राहिलाय त्याने हक्काने मागून घ्यायचा तास. मीही एकदा मागितला. सर म्हणाले, "घ्या की बाई. शाळंच्या फाटकाची कडी आतल्या अंगाला हाय का भाईरच्या, तेवढं सांगा आन् घ्या." मी त्या फाटकातून रोज दोनदा जाते. तास काही मला मिळाला नाही.

दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि कडेला नारळाचं झाड असं चित्र कुणी काढलं की सर त्याला थेट खिडकीशी नेऊन उभं करतात. "दाव मला, कुटं हाय नारळ? आन् आपला डोंगुर माथ्यावर असा टोकदार हाय व्हय? जेवायला बसावं इतका सपाट हाय त्यो." एकदा तालुक्याचे एक साहेब तपासणीला आले आणि त्यांनी मुलांना निसर्गचित्र काढायला सांगितलं. मुलांनी सपाट डोंगर काढला, त्याच्या पोटात जेसीबीने कापलेला रस्ता काढला आणि फार्महाउसची तारेची कुंपणं काढली. साहेबांनी विचारलं, "यात निसर्ग कुठे आहे?" सर म्हणाले, "कुंपणाच्या आत हाय, साहेब."

अशा माणसाच्या हातात कलाशिक्षणाच्या नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा पडला. जनतेकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. सरांनी तो मसुदा दोनदा वाचला. स्मरणचित्र त्यातून गेलं होतं. स्मरणचित्र म्हणजे पूर्वी पाहिलेलं, समोर काहीही न ठेवता आठवून काढायचं. त्याच्या जागी आता टॅबवरची चित्रं येणार होती. सरांचा टॅबवर राग नव्हता. "टॅब येऊ द्या की. पन ह्याला कशापायी हाकलता?" एवढंच ते दिवसभर म्हणत होते. त्या दिवशी त्यांनी डबाही उघडला नाही.

मुख्याध्यापकांनी या मसुद्यावर रविवारी पालकांची सभा बोलावली. एरवी अशा सभेला सात-आठ माणसं येतात. या वेळी हॉल भरला, कारण चित्रकलेवर प्रत्येकालाच बोलता येतं. जवळच फार्महाउस घेतलेले एक पुण्याचे गृहस्थ अर्ध्या चड्डीत आले होते. ते म्हणाले, "ॲनिमेशन शिकवा, फ्यूचर त्यात आहे." एक आई म्हणाली, "चित्रं काढून पोटाला काय मिळतंय? त्यापरीस इंग्रजीचा तास वाढवा." मागून कुणीतरी लेझीम हवं म्हणालं. दुसरा म्हणाला, लेझीम हा खेळ आहे, कला नव्हे. त्यावर अर्धा तास गेला.

मग सर उठले. आता भाषण होणार म्हणून मी घड्याळ पाहिलं. पण त्यांनी सगळ्यांना कोरे कागद वाटले. "आपापल्या घराचं दार काढा. फोटू बघायचा न्हाई. दार रोज उघडताय, तवा येतच आसंल."

हॉलमध्ये परीक्षेसारखी शांतता पसरली. एकाच घरात राहणारे दोन भाऊ शेजारी बसले होते, त्यांची दारं दोन बाजूंना उघडली. त्यावरून त्यांची अशी जुंपली की घरी फोन लावून आईला विचारावं लागलं. आई म्हणाली, दाराला दोन फळ्या आहेत, एक इकडे उघडते, एक तिकडे. फार्महाउसवाल्या गृहस्थांनी दार सोडून दोन त्रिकोणी डोंगर काढले. सरांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, पण पाहुणा माणूस म्हणून कागद तसाच ठेवून घेतला. इंग्रजीवाल्या आईला मात्र उंबऱ्याजवळचा टवका आठवला. "सासऱ्यांनी पहार टेकवली व्हती, तितं," म्हणाली आणि एकटीच हसली. आणखी एक कागद मागून तिने बैलांचा गोठाही काढला. तो आता पाडलेला आहे.

"हीच आपली हरकत," सर म्हणाले. "हेच पाठवायचं."

मी सांगितलं, की हरकत ऑनलाइन लिहून द्यायची आहे, त्यात चित्र चढत नाही. सर म्हणाले, "मग टपालानं धाडू. लिवल्यालं कोन वाचतंय, बाई? चित्राकडं निदान बघत्यात तरी." असल्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर गठ्ठा बांधायला आम्ही दोघंच होतो. कागद लावता लावता माझ्या लक्षात आलं, की सगळ्या गावाकडून चित्रं घेणाऱ्या या माणसाचं स्वतःचं चित्र त्यात नाही. मी तसं म्हटलं.

"माझं ऱ्हाऊ द्या."

मी चिडवलं, "का? जमलं नाही?"

सरांनी टेबलाचा खण उघडून कागद समोर ठेवला. चूल, परात, तवा, आणि पाठमोरी बसलेली बाई. पदर कमरेला खोचलेला. वाकलेल्या पाठीत असा जीव होता, की त्या क्षणी मला वहिनी, सरांच्या पत्नी, दिसल्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. चित्रातले दोन्ही हात कोपरापाशीच थांबले होते.

"फोटू हायेत," सर म्हणाले. "समद्यात पदर सावरून हुबी हाय, कुनाच्या तरी लग्नात. भाकरी थापताना कुनी काढला न्हाई. ती सुई डाव्या हातानं धरायची. भाकरी कंच्या हातानं थापायची, तेच आठवना. तीस वर्सं म्होरं बसून खाल्ली, बाई."

मला हसवणारा हा माणूस इतका एकटा आहे, हे मला कधी दिसलं नव्हतं. दिसलं नाही याचीच मला लाज वाटली.

"तुमी जेवलायसा आमच्यात," सर म्हणाले. "तुमाला याद हाय का?"

जेवले होते. एसटी बंद पडली त्या दिवशी. मला ठेचा आठवत होता, चुलीची धग आठवत होती, वहिनींनी आग्रहाने वाढलेली तिसरी भाकरी आठवत होती. हात आठवत नव्हता. तरी मी वर्गात उत्तर सांगावं तसं ठामपणे म्हणाले, "डाव्या."

सरांनी कानावरची पेन्सिल काढली. डावा हात परातीत आणला, बोटं काढली. मग ते थांबले. कागद लांब धरून पाहिला.

"न्हाई," ते म्हणाले. "अशी न्हाई बसायची ती." त्यांनी घाईघाईने हात खोडला. "उजवा. उजव्यानं थापायची, बाई! डाव्यानं नुसती भाकरी फिरवायची. बांगड्या मागं सारलेल्या असायच्या, हितपतूर." आणि स्वतःच्या मनगटाच्या वर त्यांनी बोट ठेवलं.

त्यानंतर त्यांना माझी गरज नव्हती. ते खाली वाकून भराभर काढत होते. मी गठ्ठ्याला सुतळी बांधली आणि हे चित्र वर लावू का, असं विचारलं.

"हे न्हाई द्यायचं," मान वर न करता सर म्हणाले. "अजून दुसरी बांगडी काढायचीय."