अकरा आवाज आणि एक ओळ

नव्या स्कूटरने चौथ्याच दिवशी 'कुंईऽऽ' केलं, तेव्हा गृहस्थ दाढी करत होते. बायको स्कूटर खाली लावून तशीच वर आली. तिची नवी नोकरी सोमवारपासून सुरू होणार होती, तीही गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि आज शनिवार होता.

"अहो, ती ओरडतेय. सोमवारी रस्त्यात बसली तर पहिल्याच दिवशी माझी शोभा व्हायची."

"पुस्तकात बघ. सीटखाली असतं."

हे बोलून गृहस्थांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. कारण त्या माहितीपुस्तकाचं भाषांतर त्यांनीच केलं होतं. पोटापाण्याचा उद्योगच तो. स्कूटर घेताना हीच कंपनी निवडली, तीसुद्धा 'आपलं पुस्तक आहे' म्हणून.

बायकोने मोठ्याने वाचलं, "सामान्य कंपने व आवाज. वाहनातून किरकोळ आवाज येतात. घाबरू नये." तिने पान उलटलं. "पुढे?"

"पुढे टायरची हवा असेल," गृहस्थ पुटपुटले.

मूळ पुस्तकात अकरा आवाज होते. कोणता कधी येतो, कोणता आला की थांबायचं, सगळं होतं. पण गृहस्थ जन्मात स्कूटरवर बसले होते ते मागे. दुसऱ्या आवाजापर्यंत त्यांनी नेट धरला, तिसऱ्याला तीन शब्दकोश उघडले आणि मग सगळ्यांचा मिळून एका ओळीत निकाल लावला. लेखनात नेमकेपणा म्हणतात तो हाच, असंही त्यांना तेव्हा वाटलं होतं.

दोघं गॅरेजमध्ये गेली.

"कसला आवाज?" मेकॅनिकने विचारलं.

"म्हणजे बघा, कर्कश, पण संयत."

मेकॅनिक बायकोकडे वळला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही सांगा."

"कुंईऽऽ. सकाळी ब्रेक दाबला की."

"दोन-तीनदा दाबल्यावर जातो?"

"जातो."

"मग काही नाही. रात्रीचा दमटपणा असतो ब्रेकवर. बिनधास्त चालवा. खरखर आली तर मात्र लगेच या." त्याने हात पुसले. "हे सगळं पुस्तकात पाहिजे खरं. पण ज्यानं ते लिहिलंय ना, त्यानं स्कूटर चित्रातच पाहिलेली दिसते. या आठवड्यात तुम्ही नववे."

बायकोने ओढणी तोंडाला लावली. गृहस्थांना इथे गप्प बसता आलं असतं. शहाणा माणूस बसला असता.

"बेजबाबदार माणूस दिसतो," ते म्हणाले.

"मग तक्रार लिहा की साहेब. तुमची भाषा चांगली आहे."

कागद आला, पेन आलं, आणि मेकॅनिक समोर उभा. आता माघार घ्यायची सोय नव्हती. शिवाय लिहायला बसल्यावर गृहस्थ नेहमीसारखे रंगात आले. 'अक्षम्य आळस' हे शब्द तर त्यांना स्वतःलाच फार आवडले. स्कूटर बायकोच्या नावावर होती, म्हणून सही तिने केली. एकेक अक्षर घोटून, सावकाश.

सोमवारी ती वेळेवर पोचली. गुरुवारी कंपनीची मेल गृहस्थांना पोचली. 'एका महिला ग्राहकाची तक्रार सोबत जोडली आहे. "अक्षम्य आळस" या मुद्द्यावर आपला खुलासा हवा. समाधान झाल्याचे त्या ग्राहकाने लेखी कळवल्यावरच पुढील पुस्तकाचे काम आपल्याकडे देता येईल.'

गृहस्थांनी मूळ पुस्तकातल्या अकरा आवाजांचा हवाला देत दोन पानी खुलासा लिहिला आणि संध्याकाळी बायको घरी येताच तिच्यासमोर ठेवला. तिने तो शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून पाण्याच्या तांब्याखाली सरकवला.

"झालं समाधान?"

"नाही."

"अगं, दोन पानं लिहिलीत."

"त्यात एक आवाज नाही. अकराच्या अकरा काढून दाखवा, मग सही करते."

गृहस्थ उठले. त्यांनी आधी खिडकी लावून घेतली, मग घसा साफ केला.

"पहिला, इंजिन गार होतानाचा," ते म्हणाले. "टिक. टिक. टिक."

"किरकोळ आहे," बायको म्हणाली. "पुढचा."