जेवणानंतर फुलणारं ऑर्किड

"आत कोण आहे?" सासूबाईंनी टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूमचं दार वाजवलं.

"कोणी नाही, आई!" स्वयंपाकघरातून जावयाचा आवाज आला. "म्हणजे ऑर्किड आहे. दार उघडू नका, वाफ जाईल."

सासूबाई गारच पडल्या. माणसांच्या मागे नंबर लावून त्यांचा जन्म गेला होता, पण कुंडीच्या मागे कधी उभं राहावं लागलं नव्हतं.

"किती वेळ लागेल त्याला?"

"नवीन मूळ फुटेपर्यंत."

जावयाचं चष्म्याचं दुकान. ऑर्किडचा नाद अगदी ताजा. खिडकीत मोजून चार रोपं, पण गप्पा अशा, जणू जंगलच ह्यांच्या वडिलांनी लावलंय. लेकीच्या वाढदिवसाला सासूबाई राहायला आल्या आणि चष्मेवाले बायकोसाठी गुच्छ आणायला गेले, तिथंच घात झाला. फुलवालीच्या दुकानात दारामागे, कचऱ्याच्या डब्याला टेकून, एक ऑर्किड मान टाकून बसलं होतं. सुरकुतलेली दोन पानं, कुजकी मुळं, आणि कुंडीत नावाची पट्टीच नाही.

"हे कोणतं हो?"

"ऑर्किड."

"ते दिसतंय. पूर्ण नाव?"

"साहेब, मला माझ्या जावेचं पूर्ण नाव आठवत नाही. गुच्छाच्या पैशात देते. फक्त परत आणू नका."

घरी बायकोनं विचारलं, "गुच्छ कुठाय?"

"येईल ना. ह्याला फुलं आली की."

जेवणाच्या टेबलावर ऑपरेशन सुरू झालं. दुकानातला चिमटा, भिंग, बारीक कात्री. कुजलेली मुळं कापून टाकली आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड दाबली.

"अहो, अख्खी बरणी संपवलीत!"

"जखम आहे ती. बुरशी लागू नये म्हणून लावतात."

"माझं बोट कापलं तेव्हा साधी फुंकर नाही मारलीत!"

रोपाला दमट हवा हवी, म्हणून कुंडी बाथरूमात गेली. गरम पाण्याचा नळ सोडायचा, वाफ कोंडायची, दार लावायचं. सासूबाई आंघोळीला शेजारी जाऊ लागल्या.

"शेजारीण विचारते, घरी पाणी येत नाही का. काय सांगू? जावई मूळ फुटायची वाट बघतायत म्हणून?"

मूळ फुटलं! हिरवं, टाचणीच्या डोक्याएवढं. चष्मेवाल्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कुंडी दुकानात नेली आणि एका गिऱ्हाइकाला अक्षरांच्या तक्त्याऐवजी ते मूळच दाखवलं. "दिसतंय? मग नंबर वाढलेला नाही तुमचा."

मग कुंडी पुन्हा बाथरूमात गेली, आता फुलं येईपर्यंत. सासूबाईही काही परत गेल्या नाहीत. "तो दांडगोबा बाथरूम सोडेपर्यंत मीही हलत नाही," असं त्यांनी जाहीर केलं. वर्ष सरता सरता दांडा आला, कळ्या आल्या आणि एका सकाळी फुलं. पिवळसर हिरवी, तपकिरी ठिपक्यांची, आणि प्रत्येकाचा तोरा लग्नातल्या वरमाईसारखा.

आता हे प्रदर्शनात मांडायचंच, असं चष्मेवाल्यांनी ठरवलं. गावातल्या ऑर्किड मंडळाचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या दातांखाली आजवर आलेलं नव्हतं. त्यांनी कुंडीकडे बघितलं आणि चेहरा असा केला, जणू समोर किडलेली दाढ आहे.

"पट्टी कुठाय? नाव नसलेलं रोप आपण टेबलावर ठेवत नाही. नियम आहे. फेकून द्या."

फेकून द्या? वर्षभर ज्याच्यापायी घरातली म्हातारी शेजारी आंघोळ करतेय, ते फेकून द्या?

चष्मेवाले तणतणत घरी आले. समोर सासूबाईंच्या गॅसच्या गोळ्यांचं खोकं पडलं होतं. वर झोकात छापलेलं: फ्लॅटोलिना फोर्टे. चष्मेवाल्यांच्या मिशीत हसू फुटलं. त्यांनी पांढरी पट्टी घेतली, सुबक अक्षरात ते नाव उतरवलं आणि कुंडीत खोचलं.

प्रदर्शनात डॉक्टर त्या कुंडीपाशी आले. पट्टी वाचली. आदल्या आठवड्यातली कुंडी त्यांच्या लक्षातही नव्हती. क्षणभर नजर भिरभिरली, मग मान डोलू लागली.

"अरे वा! फोर्टे! तुम्हाला कुठं मिळाली? माझ्याकडे आहे एक. तुमची जरा किरकोळ आहे."

"हो का? पाणी कसं घालता डॉक्टर? मी दिवसातून दोनदा, जेवणानंतर."

"बरोबर. उपाशीपोटी अजिबात नको. त्रास होतो तिला."

भोवतीच्या चारजणांनी मोबाइलवर लिहून घेतलं. चष्मेवाल्यांनी रुमाल तोंडात कोंबला. तेवढ्यात बायको आईला घेऊन आली. सासूबाईंनी चष्मा चढवला. जावयानंच करून दिलेला, नंबर अगदी अचूक. त्यांनी पट्टी वाचली, पुन्हा वाचली, जावयाकडे बघितलं आणि गोड हसल्या. कुंडीला पहिलं बक्षीस मिळालं.

पुढच्या आठवड्यात चष्मेवाले दुकानातून आले, तर टेबलावर खोकं. बायको नुसती फुलली होती.

"अहो, उघडा ना! तुमचा वाढदिवस! प्रदर्शनात डॉक्टर सगळ्यांना सांगत होते ना, त्यांच्याकडेही एक आहे म्हणून? द्यायलाच तयार नव्हते. म्हणे दुर्मीळ आहे. मी हट्टच धरला. वॉशिंग मशीनसाठी साठवलेलं सगळं घातलं त्यात."

खोक्यात सुरकुतलेली दोन पानं होती, कुजकी मुळं होती, आणि करकरीत नवी पट्टी: फ्लॅटोलिना फोर्टे.

"तुमची बिचारी एकटीच होती ना? आता जोडी झाली. आवडली?"

चष्मेवाल्यांनी खोक्याचं झाकण हळूच लावलं. खरं सांगावं, तर बायकोचं मशीन गेलं ते आपल्या थट्टेपायी. न सांगावं, तर जन्मभर ही पट्टी रोज वाचा.

"फार... फार आवडली गं."

ती दालचिनी आणायला आत गेली. तेवढ्यात सासूबाई जावयाजवळ सरकल्या. हातात गोळ्यांचं खोकं होतं.

"जावईबापू, मी बोलणार नाही हो कुणाला."

"आई, तुमचे उपकार..."

"उपकार कसले? मशीन येईपर्यंत चादरी तुम्ही धुवायच्या. आणि सकाळी बाथरूम आधी माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाले दोन्ही काखांत एकेक फ्लॅटोलिना धरून बाथरूमबाहेर उभे होते. आत पाणी सुटलं होतं, वाफ दाराखालून फुकट चालली होती. बऱ्याच वेळानं त्यांनी कोपरानं हळूच दार वाजवलं.

"थांबा!" आतून आवाज आला. "आत माणूस आहे!"