गालावरचा हात

"हे तुम्हाला खोटं वाटणार, आत्ताच सांगून ठेवतो!" सोफ्यावर अंग टाकता टाकता थापाडे काकांनी जाहीर केलं.

चित्रप्रदर्शनात उभं राहून राहून त्यांच्या पायांचे खांब झाले होते. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, कवळी काढून पेल्यात सोडली आणि जगातल्या समस्त कलावंतांच्या नावानं एक लांबलचक सुस्कारा टाकला. शब्दांबरोबर आता तोंडातून वाराही निसटत होता. पण गोष्ट निसटू देतील तर ते काका कसले!

ऐकायला समोर पुतणी होती. खरा श्रोता मात्र स्वयंपाकघरात भांडी आपटत होता. येताना वाटभर काकू चार पावलं पुढेच चालत होत्या. आज जेवण मिळणार की नाही, ते या गोष्टीवर होतं.

झालं होतं असं. काकांच्या धाकट्या बहिणीनं गेल्या उन्हाळ्यात त्यांना समोर बसवून चित्र काढलं. गालावर हात, अर्धवट मिटलेले डोळे, नजर दाराकडे, शेजारी रिकामी खुर्ची आणि खुर्चीवर पिवळी शाल. आज एक जाडे समीक्षक त्या चित्रापुढे बंद पडलेल्या मोटारीसारखे थांबले.

"काय हा विरह! रिकामी खुर्ची म्हणजे न आलेली ती. शाल म्हणजे तिची मागे उरलेली ऊब. आणि ही नजर! हा माणूस अजून वाट बघतोय हो!"

गर्दीतल्या बायका डोळे पुसू लागल्या. काकू शाल निरखत होत्या.

"ही माझी नाही. वन्सं, कोणाची हो ही?"

"चित्र समजावून सांगायचं नसतं, वहिनी!" बहीण मान वेळावत म्हणाली. संपलं!

"नाव विचारू नका, बाई," समीक्षकांनी तेल ओतलं. "अशा प्रेमाला नाव नसतं!"

खरं तर चित्रासाठी बसले तेव्हा जेवण जड होऊन काकांना पेंग येत होती. खुर्ची त्यांनीच पाय ठेवायला ओढली होती. बहिणीनं पाय खाली घ्यायला लावून तिथं रंगासाठी आपलीच शाल टाकली. काकांनी वाटेत हे सगळं सांगून पाहिलं. पण उभ्या जन्मात खरं बोलायचा सराव नाही, जमेना!

म्हणून आता त्यांनी ठेवणीतला आवाज काढला, थेट स्वयंपाकघरापर्यंत जाणारा.

"अगं, दाढ ठणकत होती माझी! मी कण्हलो की गल्लीतली कुत्री साथ देत होती! गाल सुजून कलिंगड! म्हणून तर हात लावला होता. दाराकडे बघत होतो, कारण दातांचा डॉक्टर यायचा होता. खुर्ची त्याच्यासाठी, शाल गाल बांधायला!"

पुतणी ओठ चावत पेल्याकडे बघत राहिली. भांड्यांचा आवाज थांबला. काकांना चेव आला.

"आणि दाढ उपटली ती उडाली थेट चित्रावर! कोपऱ्यातला तो लाल ठिपका, तो काय मावळता सूर्य आहे होय?"

दारात काकू उभ्या होत्या. हातात वाढलेलं ताट. काकांनी दमलेले हात पुढे केले.

काकूंनी ताट पुतणीपुढे ठेवलं आणि पेला उचलून काकांच्या नाकासमोर धरला.

"अहो, कित्येक वर्षं झाली, तुमची अख्खी बत्तीशी ह्या पाण्यात झोपतेय! मग गेल्या उन्हाळ्यात दाढ कुणाची दुखत होती? शालवालीची?"