डोंगरापलीकडे पाहणाऱ्या शत्रूची हकीकत

श्रीगजवदन साक्ष. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, जें डोळां देखिलें तेंच लिहितों, पदरचें घालीत नाहीं. एका राज्यांत संगणकावरील लढायांचे खेळ घडवीत. तेथील धनी त्र्यंबकराव, कर्ते खरे, परंतु हलक्या कानाचे. त्यांचे पदरीं सगुणाबाई राजोपाध्ये होत्या. खेळांत जी शत्रूची फौज माणसाशीं लढे, तिची अक्कल बाईंनीं घडविली. दोन वर्षें जुनीं कागदपत्रें वाचिलीं आणि स्वतां घाट चढोन पाहिले, मग शत्रू ऐसा केला कीं चढणीस त्याचे घोडे दमावे, पाण्यावांचून फौज कासावीस व्हावी, आणि त्याचे जासुदांस दिसेल तितकेंच त्यास कळावें. मग खेळ बाहेर पडण्याआधीं ज्यांस खेळोन पाहावयास दिला, त्यांतील कांहीं खेळाडूंनीं धन्यांस लिहिलें कीं शत्रू सहज हरतो, मौज नाहीं. धनी संतापले आणि बाईंस बोलाविलें. बाई बोलिल्या, "त्यास डावपेंच शिकवितें. राखीव फौज ठेवील, पाणवठा अडवील. महिना द्यावा." धनी बोलिले, "दसऱ्यास खेळ बाहेर पडावयाचा, तो आठ दिवसांवर आला. महिना कोठून आणूं?" आणि बाईंस न पुसतां दुसऱ्या कारकुनाकडोन एका दिवसांत शत्रू कठीण करविला. कठीण म्हणजे काय, तर त्याची फौज दमेना, तिला तहान लागेना, आणि त्यास डोंगरापलीकडचें दिसूं लागलें. यास बुद्धि म्हणावें तर चोरीसही कसब म्हणावें लागेल.

मग पारख करावयास सुभेदार खराडे बैसले. हे सैन्यांतोन निवृत्त जाहलेले. लढाई खरी वाटते कीं नाहीं हें सांगावयास धन्यांनींच ठेविले होते. त्यांनीं पांचशें स्वार डोंगराआड दडविले आणि वाट पाहिली. शत्रू थेट तिकडेच वळला आणि सारे स्वार कापोन काढिले. सुभेदारांनीं हात आवरिला आणि कारकुनास पुसिलें, "माझे स्वार तेथें आहेत, हें त्यास कोणीं सांगितलें?"

"कोणीं नाहीं. त्यास सारेंच दिसतें."

"मग मी लपलों कशास?"

धनी हंसोन बोलिले, "सुभेदार, हरलांत ना? म्हणजे कठीण जाहला."

"हरण्याचें दुःख नाहीं. चूक कोठें जाहली तें कळलें तर माणूस पुन्हा उभा राहतो. येथें माझी चूकच नाहीं."

बाईही तेथेंच होत्या. बोलिल्या, "ही लबाडी खेळांत घालूं नये. घालणारच तर खेळाच्या खोक्यावर 'हुबेहूब इतिहास' छापिलें आहे, तें तरी पुसोन टाकावें." धन्यांनीं तेंही ऐकिलें नाहीं. दसऱ्यास खेळ बाहेर पडला आणि चौथे दिवशीं लबाडी उघडी जाहली. खेळाडू खवळले, खेळ परत करूं लागले. तेव्हां धन्यांनीं सारी मंडळी जमा केली आणि सांगितलें कीं शत्रूची अक्कल सगुणाबाईंची, दोषही त्यांचाच. ज्यांनीं लबाडी केली ते मान खालीं घालोन बैसले, आणि जिनें अडविलें तिजवर बोल आला! सुभेदार उठोन बोलिले, "धनी, त्या दिवशीं मी येथेंच होतों. आपणही होतां."

इकडे बाईंनीं मागितला होता तो महिना भरतां डावपेंचांचा शत्रू पुरा केला. सुभेदार त्याशीं तीन वेळां हरले, दर वेळां कां हरलों तें समजोन चुकले, आणि चौथे वेळीं जिंकोन कपाळाचा घाम पुसिला. "आतां हा माणसासारखा लढतो," बोलिले. धन्यांनीं तोच शत्रू खेळांत घातला, आणि खेळाची कीर्ति जाहली. बाईंनीं एकच मागितलें, कीं भर मंडळींत दोष दिला तो भर मंडळींत मागें घ्यावा. धनी बोलिले, "झालें गेलें, आतां कशास?" बाईंनीं त्याच दिवशीं चाकरी सोडिली. पुढें धन्यांनीं वर्तमानपत्रांत छापविलें कीं शत्रूस न्यायानें लढावयास आम्हींच शिकविलें.

हकीकत इतकीच. शत्रू न्यायानें वागूं लागला, धनी लागले नाहींत.