काळी पंगत आणि वेंकूबाई

मुलांनो, डोळे मिटा आणि एक गंमत मनात आणा. तुमची आज्जी राणी झाली आहे. तिनं मोठ्या हंड्यात पायसम, म्हणजे खीर, केलंय, त्यात विष कालवलंय, आणि राजापासून दिवाणापर्यंत सगळ्यांना ती आग्रह करकरून वाढते आहे. तेही गात गात. आता डोळे उघडा. हसलात ना? प्रतापसिंहांचं दुःख नेमकं हेच होतं.

प्रतापसिंह तंजावुरात एका विमा कचेरीत नोकरीला होते. तिथल्या मराठी घरांचं एक छोटं मंडळ आहे. त्या मंडळासाठी ते दरवर्षी एक हलकंफुलकं नाटुकलं लिहीत, आणि लोक पोट धरधरून हसत. पुढं पुढं तर ते नुसते माईकसमोर उभे राहिले तरी हशा होई. एकदा शोकसभेत ते बोलायला उठले, तर पहिल्या रांगेतल्या दोघींनी पदर तोंडाला लावला, आणि तो रडू आवरायला नव्हता. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी ठरवलं की एकदा तरी असं काही लिहायचं, की ऐकणाऱ्याला भीती वाटली पाहिजे. एक माणूस भ्यालं तरी पुरे.

त्यातून ‘काळी पंगत’ हे संगीत नाटक जन्माला आलं. योगायोगानं दक्षिणेतल्या मराठी मंडळांची एक स्पर्धाही जाहीर झाली होती. नाटक मैफिलीसारखं सादर करायचं, त्याचं चित्रण करून पाठवायचं, आणि मग परीक्षक गावोगाव जाऊन, त्या त्या मंडळींना समोर बसवून ते बघणार. मैफिलीसारखं म्हणजे कसं? तर पडदे नाहीत, मुकुट नाहीत, तलवारी नाहीत. सगळ्यांनी साध्या कपड्यांत माईकसमोर ओळीनं उभं राहायचं आणि हातातल्या कागदावरून आपापलं गायचं. कागदांवर मराठी गाणी तमिळ अक्षरांत लिहिलेली होती, कारण मंडळात देवनागरी वाचणारे प्रतापसिंह एकटेच. मेल्यावर काय करायचं, हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी सोपा नियम घातला. जो मेला त्यानं मागच्या खुर्चीवर बसायचं आणि मान खाली घालायची.

राणी झाल्या राजम. लग्नाआधी त्या गात असत. त्यानंतर देवघराबाहेर त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. राजा झाले सीतारामराव. ते निवृत्त तहसीलदार, त्यामुळे राजा दुसरा कुणी होणं शक्यच नव्हतं. राजमची नात नित्या झाली राजाची लाडकी भाची. ही भाची पंगतीत वाढायच्या आधीच पायसमात बोट घालून चाटते, म्हणून सगळ्यांत आधी मरते. नित्याला हे पटलं होतं. घरीही ती तसंच करत असे.

तालमींत सगळ्यांना भयंकर हसू येई. राजम “अजून थोडं घ्या की” असं सुरात म्हणाल्या, की दिवाण मरायच्या आधीच खुदखुदायचा. नित्या तर खुर्चीवर मेल्या मेल्या हसायची. प्रतापसिंह पहिल्यांदा रागावले, मग त्यांनी विनवणी केली, आणि शेवटी गप्प बसले.

चित्रणाचा दिवस आला. मेलवीधी नावाच्या रस्त्यावरचा हॉल घेतला होता. स्पर्धेचा नियम कडक होता: एका दमात चित्रण, मध्ये कापाकापी नाही. मुरली नावाच्या कॅमेरावाल्याला प्रतापसिंहांनी हात जोडून बजावलं होतं, की छत कोसळलं तरी कॅमेरा थांबवायचा नाही. बाहेरच्या कुणाला आत घ्यायचं नव्हतं. दिवे मालवले. फक्त मंचावर थोडा उजेड ठेवला. मृदंग हळू वाजू लागला.

आणि काय सांगू, मंडळी सुरेख गायली. कुणी हसलं नाही. भाची मेली, राजा मेला, दिवाण, फडणीस, सेनापती, सगळे एकेक करून मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. मग आलं राणीचं अंगाईगीत, मेलेल्यांसाठी गायलेलं. प्रतापसिंहांनी सगळा जीव त्यात ओतला होता.

‘नीज रे राजा, नीज आता, पानात चंद्र वाढला,
घास घेतला ज्यानं ज्यानं, त्याचा दिवा मालवला.’

राजम हे गात असताना हॉलचं मागचं दार उघडलं आणि वेंकूबाई आत आल्या.

तंजावुरातल्या मराठी घरांत वेंकूबाईंपेक्षा थोरलं माणूस उरलेलं नाही. अर्ध्या मंडळाला त्यांनी न्हाऊमाखू घातलंय, उरलेल्या अर्ध्याचे कान उपटलेत. त्या कोपऱ्यावरच्या घरात राहतात. गाण्याचा आवाज कानावर आला, म्हणून काठी टेकत चालत आल्या. बाहेरच्यांना आत सोडायचं नाही हे दारावरच्या माणसाला ठाऊक होतं, पण वेंकूबाई बाहेरच्या कशा?

आता तिथली रीत अशी, की थोरलं माणूस दारात दिसलं की बसलेल्यानं उठायचं. ही रीत डोक्यात नसते, गुडघ्यांत असते. दाराच्या आवाजानं माना वर झाल्या, वेंकूबाई दिसल्या आणि मेलेले उठले. फडणीस उठला, सेनापती उठला, दिवाण उठला, खुर्च्यांच्या आवाजानं डोळे उघडून नित्याही उठली. सगळ्यांनी हात जोडले. मृदंगवाल्यानं वाजवणं थांबवलं. राजम तर सर्वांत पुढं उभ्या होत्या. त्यांचं गाणं तोंडातच राहिलं आणि त्यांनी खाली वाकून, कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार केला.

अंधारातून वेंकूबाई म्हणाल्या, “दीर्घ सुमंगली भव.” मग मेलेल्यांच्या रांगेकडे वळून म्हणाल्या, “शंभर वर्षं जगा. अस्के जेवलांव का?”

मेलेल्यांनी एकदम माना हलवून हो म्हटलं.

“मग बसा. उगे बसा.”

मेलेले बसले. राजम उठल्या, पदर सारखा केला, आणि जिथं सोडलं होतं त्याच सुरावर अंगाईचा पुढचा शब्द उचलला. वेंकूबाईंना कुणीतरी मागं खुर्ची दिली. छत कोसळलं नव्हतं, म्हणून मुरलीनं कॅमेरा थांबवला नव्हता.

प्रतापसिंहांनी त्या दिवशी कॉफीसुद्धा घेतली नाही. पुन्हा चित्रण करावं, तर मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती आणि मृदंगवाला लग्नाच्या कच्चेरीसाठी, म्हणजे गाण्याच्या मैफिलीसाठी, पापनाशमला निघून गेला होता. होतं तसं पाठवावं लागलं. सीतारामराव त्यांना धीर देत म्हणाले, की एवढं काय झालंय, मला तर काही कळलंही नाही. ते खरंच होतं. राजा मेल्यापासून ते खुर्चीवर गाढ झोपले होते. ओळीतले तेवढे एकटेच उठले नव्हते.

काही दिवसांनी परीक्षक आल्या. त्यांचं नाव अंबुजाबाई. बंगळुरूच्या, चष्मा नाकावर, चेहरा इस्त्री केलेला. निकाल लागेपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही, असं सांगून त्यांनी मुरुक्कूची, म्हणजे चकल्यांची, ताटली परत पाठवली. त्याच हॉलमध्ये पडदा लावला होता. मंडळी मागं बसली, आणि प्रतापसिंह त्यांच्याही मागं, खांबाआड.

चित्रण सुरू झालं. अंबुजाबाई मधून मधून थांबवत आणि एकेकाचं काम तपासत. दिवाणाला त्यांनी सांगितलं की आवाज चांगला आहे, पण विष प्यायलेला माणूस इतक्या मजेत दिसत नाही. सेनापतीला म्हणाल्या, मरताना घड्याळ बघायचं नसतं. मग त्यांनी नित्याकडे बोट केलं. “ह्या मुलीकडे बघा. मान खाली, डोळे गच्च, मुठी आवळलेल्या. मोठ्या नटांनाही असं मरता येत नाही.”

नित्यानं फ्रॉकची कड पिळायला सुरुवात केली.

मग अंगाई आली. प्रतापसिंहांनी डोळे झाकून घेतले. पण मुलांनो, एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. कॅमेरा मंचाकडे होता. वेंकूबाई कॅमेऱ्याच्या मागं होत्या. त्यामुळं पडद्यावर दिसलं ते असं: राणी मेलेल्यांना निजवते आहे. अचानक मेलेले उठतात. एका राजाखेरीज सगळे एकदम, हात जोडून, अंधारातल्या कशाकडे तरी टक लावून. मृदंग थांबतो. राणी जमिनीवर कोसळते. आणि कुठूनतरी एक जुनाट, फाटका आवाज तिला, जिनं आत्ताच नवऱ्याला विष घातलं तिला, अखंड सौभाग्याचा आशीर्वाद देतो. मेलेल्यांना विचारतो, सगळे जेवलात का. मेलेले हो म्हणतात.

अंबुजाबाईंच्या हातातली पेन्सिल खाली पडली. त्यांनी तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. मग दिवे लावायला सांगितले, आणि हातावर आलेला काटा चोळत म्हणाल्या, “हे कुणाला सुचलं?”

सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं. प्रतापसिंह अर्धे बाहेर आले. “सुचलं असं नाही,” ते म्हणाले. “ते आपलं... आलं.”

“खरी कला अशीच येते.” अंबुजाबाईंनी मान डोलावली. “पण राजा उठत नाही. एकटा राजाच का उठत नाही?”

“उठवलं नाही,” सीतारामराव म्हणाले.

“उठवलं नाही. म्हणजे त्याला सुटका नाही,” असं स्वतःशीच बोलत त्यांनी ते टिपून घेतलं. कुणी खोटं बोललं नव्हतं. पण खरंही कुणी सांगत नव्हतं, आणि प्रतापसिंहांच्या चेहऱ्यावर असा उजेड आला होता, की तो मालवायला कुणाचा हात धजेना. दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस आता त्यांच्या पुढ्यात येऊन बसल्यासारखंच होतं.

अंबुजाबाईंनी शेवटचा प्रश्न नित्याला विचारला. “बाळ, तू का उठलीस? काय होतं तुझ्या मनात?”

नित्यानं प्रतापमामांकडे पाहिलं, आज्जीकडे पाहिलं. आज्जी छताकडे बघत होती.

“त्या आल्या म्हणून,” नित्या म्हणाली.

“त्या. म्हणजे मृत्यू?”

“नाही. वेंकूबाई.”

“म्हणजे आदिमाया,” अंबुजाबाई हळूच म्हणाल्या.

“तसं नाही.” नित्या आता त्यांना समजावू लागली, जसं लहान मुलाला समजावतात तसं. “त्या कोपऱ्यावर राहतात. काठी घेऊन आल्या. थोरलं माणूस आलं की उठायचं असतं. राजाआजोबा निजले होते, म्हणून नाही उठले.”

अंबुजाबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या इस्त्रीच्या चेहऱ्यावर पहिली घडी पडली, मग दुसरी, आणि मग त्या अशा हसत सुटल्या की त्यांना धरायला दोघींना उठावं लागलं. मंडळीही इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू सोडून हसली. सीतारामरावही हसले, जरा उशिरा. मुरुक्कूची ताटली पुन्हा मागवली गेली.

डोळे पुसून झाल्यावर अंबुजाबाईंनी निकाल सांगितला. जे बसवलेलंच नाही त्याचं बक्षीस दिग्दर्शकाला देता येत नाही, हे त्यांना वाईट वाटून सांगावं लागलं. पण गाण्याचं बक्षीस राजमना. ऐन रंगात डोकं टेकवून नमस्कार घालून जी बाई उठते आणि तोच सूर जसाच्या तसा पकडते, तिच्याएवढी कसलेली गायिका आपल्याला कोणत्याच गावात भेटली नाही, असं त्या म्हणाल्या. राजम लाजून लाल झाल्या आणि सगळ्यांना आग्रह करकरून कॉफी वाढू लागल्या.

त्या गडबडीत प्रतापसिंह बाहेरच्या पायरीवर येऊन बसले होते. समोरून मोपेडी जात होत्या, फुलवाली मोगरा मोजत होती. आतल्या हशाकडे त्यांची पाठ होती.

नित्या त्यांच्या शेजारी येऊन बसली. “मामा, मी नाटक नव्हतं केलं,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे. कुणीच नव्हतं केलं.”

“तसं नव्हे. मरायचं. मी डोळे मिटले ते भ्याले म्हणून. तालमीला हसू यायचं. त्या दिवशी दिवे मालवले आणि आज्जी ते ‘नीज रे’ म्हणाली. ती माझी आज्जी वाटेना.”

प्रतापसिंहांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. माणसं त्यांना धीर देण्यासाठी काय काय बोलतात, याचा त्यांना पुष्कळ अनुभव होता. “मला बरं वाटावं म्हणून सांगतेस,” ते म्हणाले.

“मग आत्ता म्हणा बघू.”

त्यांनी घसा साफ केला. भर दुपारच्या लख्ख उन्हात, पायरीवर बसून, ते खालच्या आवाजात अंगाई गाऊ लागले. राजा निजला. पानात चंद्र वाढला. दुसऱ्या ओळीला जेमतेम सुरुवात झाली, तोच नित्या त्यांना चिकटून बसली आणि तिनं दोन्ही हातांनी त्यांचं तोंड घट्ट दाबून धरलं.