मागच्या सीटच्या अपेक्षा

सोमवारी सकाळी शोरूमचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात निवृत्त पोस्टमन खालून वाकून आत आले आणि म्हणाले, "माझं बुकिंग रद्द करा."

डेमोकाकांच्या हातात अजून कुलूप होतं. या शोरूममध्ये ते चौदा वर्षं मोटरसायकली विकत होते. कुठलीही गोष्ट नुसती सांगून त्यांचं समाधान होत नसे, ती करून दाखवावी लागे, म्हणून हे नाव पडलं होतं. गिऱ्हाइकाला ते हॉर्न वाजवून दाखवत, इंडिकेटर लावून दाखवत, आणि घरी पाहुणे आले तर पंख्याचं बटणसुद्धा दोनदा चालू-बंद करून दाखवत.

"रद्द? अहो, परवा तुम्ही सीटवरून उतरायला तयार नव्हता."

"परवा मला नवीन मॉडेलचं माहीत नव्हतं."

"कुठलं नवीन मॉडेल?"

पोस्टमननी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आता हे तुम्ही मला विचारा. तुमच्याच कंपनीचं. यादी फुटलीय. सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतेय."

डेमोकाकांनी वळून आत पाहिलं. शोरूममध्ये करड्या रंगाच्या नऊ मोटरसायकली उभ्या होत्या. महिनाअखेरपर्यंत या नऊ गेल्या नाहीत तर तुमची रवानगी गोदामात, असं मालकांनी त्यांना एक तारखेलाच बजावलं होतं. गोदामात खुर्ची होती, पंखा होता आणि भिंतीला लावून ठेवलेले टायर होते. माणूस मात्र एकही नव्हता. दिवसभर कुणाला काही दाखवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, या कल्पनेनेच डेमोकाकांना धाप लागत असे. नऊपैकी पाच गाड्या बुक झाल्या होत्या, त्यांतली एक पोस्टमनांची होती.

"वाचा तरी काय आहे यादीत," ते म्हणाले.

पोस्टमननी चष्मा सारखा केला. "एक. मागची सीट चार बोटं जास्त रुंद. दोन. मागून उतरताना कसरत करावी लागणार नाही अशी पाय ठेवायची जागा. तीन. मागे बसलेल्याचं बोलणं पुढच्याला स्पष्ट ऐकू जाईल अशी सोय. चार. पुढे खड्डा असेल तर मागच्याला आधी सूचना. पाच. मागचा माणूस बसलाय की नाही, हे गाडीच सांगणार. माणूस पेट्रोल पंपावर राहिला तर गाडी जागची हलणार नाही."

पेट्रोल पंपाचं नाव निघताच डेमोकाका कुलूप हातात धरून स्टुलावर बसले.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी पेट्रोल भरण्यासाठी काकूंना गाडीवरून उतरवलं होतं, पेट्रोल भरलं होतं आणि गाडी काढून सरळ घर गाठलं होतं. चार किलोमीटर ते काकूंशी बोलत होते. काकू एका शब्दानेही मध्ये बोलल्या नाहीत, याचं त्यांना कौतुकच वाटलं होतं. दाराशी आल्यावर लक्षात आलं की किल्ली काकूंच्या पर्समध्ये आहे, आणि पर्स काकूंच्या खांद्याला आहे. एवढी मोठी गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती.

नाही, तिघांना. तिसरी म्हणजे कंपनी.

कंपनी दर महिन्याला प्रत्येक शोरूमकडे एक कागद पाठवत असे. वर लिहिलेलं असे "ग्राहकांच्या अपेक्षा", आणि खाली दहा ग्राहकांसाठी दहा रकाने. आता, गाडी घ्यायला आलेल्या माणसाला अपेक्षा विचारल्या की तो किंमत कमी करा म्हणतो आणि थांबतो. दहा रकाने भरायचे कशाने? सगळ्या शोरूममधले सेल्समन तिथे "उत्तम आहे" असं दहा वेळा लिहून मोकळे होत. डेमोकाकांना ते पटेना. पहिल्याच महिन्यात, आदल्या संध्याकाळी काकू गाडीवर मागून जे जे बोलल्या होत्या, ते त्यांनी प्रामाणिकपणे उतरवून काढलं. नर्स, शिक्षिका, शिवणकाम करणारी, बँकेतली कारकून, अशा दहा बायका केल्या आणि काकूंच्या तक्रारी त्यांच्यात वाटून टाकल्या. वर्षभर कधी साठा कमी पडला नाही.

हे सगळं घरी सांगायची सोय नव्हती. काकूंनी मागून काही म्हटलं की "हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाही गं," हे काकांचं एकोणीस वर्षांचं ठरलेलं उत्तर होतं. आणि इथे तर शब्दन् शब्द त्यांच्या अक्षरात कंपनीकडे जमा होता.

दुपारपर्यंत उरलेली चारही बुकिंग रद्द झाली.

शोरूमच्या समोर सलून होतं. तिथे माणूस दाढीला बसला की यादीत एक कलम वाढे आणि केस कापायला बसला की दोन. सलूनवाला स्वतः सांगू लागला की नवी गाडी स्टँड न लावता आपली आपण उभी राहते. औषधाच्या दुकानदाराने सांगितलं की ती मालकाच्या खोकल्यावरून त्याला ओळखते. बुधवारी यादी एकोणीस कलमांवर गेली. शोरूममध्ये गर्दी तर फार झाली, पण माणसं यायची, करड्या गाड्यांवर टांग टाकून बसायची आणि या गाडीत काय काय नाही ते एकमेकांना सांगायची.

"अहो, असलं काही येत नाहीये," डेमोकाका घसा कोरडा करून सांगत होते.

"तुम्हाला असंच सांगायला लावलं असणार," पोस्टमन म्हणाले. "म्हणजे नक्की येतंय."

शेवटी न राहवून काकांनी खरं ते सांगून टाकलं. "ती यादी मी लिहिलीय! त्या सगळ्या अपेक्षा मीच लिहून पाठवल्यात!"

मग औषधवाले हळूच म्हणाले, "तुम्ही? तुम्हाला विचारून कंपनी गाड्या काढते?"

सगळे पोट धरून हसले. समोरच्या सलूनवाल्याला सगळे का हसतायत ते कळेना, तर कुणीतरी रस्ता ओलांडून जाऊन त्याला सांगून आलं. डेमोकाकांना याचं फार लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं काहीतरी सगळ्यांच्या तोंडी झालं होतं, आणि ते आपलं आहे हे कुणी मानायला तयार नव्हतं.

गुरुवारी मालकांनी गोदामाची किल्ली त्यांच्या टेबलावर आणून ठेवली. काका उठून सलूनमध्ये दाढीला गेले. काट्याने काटा काढायचा असेल तर तो इथेच निघणार होता.

"कुणाला बोलणार नसाल तर एक सांगतो," साबण लागल्यावर ते म्हणाले.

"माझ्या पोटात ठेवा," सलूनवाला म्हणाला. त्याच्या पोटातून गोष्ट गल्लीत यायला अर्धा तास लागे.

"यादी खरी आहे. मागच्याचं पुढच्याला ऐकू जातं, तेही खरं आहे. पण आवाज कमी-जास्त करायचं बटण मागे आहे."

वस्तरा हवेतच थांबला. "मागे?"

"मागच्या सीटला."

"आणि पुढून बंद करता येतं ना?"

"नाही येत."

"मग हेल्मेट घालायचं, म्हणजे झालं."

"स्पीकर हेल्मेटमध्येच आहे," डेमोकाका गंभीरपणे म्हणाले. "शिवाय मागे माणूस बसल्याशिवाय गाडी हलत नाही. तो कोण, याची नोंद गाडी घेतानाच करायची. घरातला."

"म्हणजे आपल्याला एकट्याला कुठे जायचं असेल तर?"

"चालत."

सलूनवाल्याने उरलेली दाढी घाईघाईत उरकली. एका गालावर थोडे केस राहिलेही, पण काकांनी तक्रार केली नाही.

शुक्रवारी शटर उघडलं तेव्हा बाहेर सहा नवरे उभे होते. सगळ्यांत पुढे पोस्टमन होते, आणि त्यांना दम लागला होता. "माझी गाडी आहे ना अजून? ती रद्द बिद्द काही करू नका. मी थट्टा केली होती."

औषधवाल्यांना नुसत्या शब्दावर भरवसा नव्हता. "यात मागचं काही ऐकू येत नाही, हे नक्की ना?"

"दाखवतोच," डेमोकाका म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी शोरूमच्या मेकॅनिकला मागे बसवलं, तोंडाला येईल ते मोठ्याने ओरडायला सांगितलं आणि हेल्मेट घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. उतरल्यावर त्यांनी जाहीर केलं, "एक अक्षर ऐकू आलं नाही." नवऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. शनिवारी दुपारी नववी गाडी गेली, आणि तिच्यासाठी दोन साडू एकमेकांशी भांडले. मालकांनी टेबलावरची किल्ली मुकाट्याने उचलून खिशात घातली.

डेमोकाका सुटले. सोमवार सकाळपर्यंत.

सोमवारी कंपनीच्या मुख्य कचेरीतले साहेब आले. त्यांच्या हातात जाड फाइल होती आणि तिच्यात बारा महिन्यांचे कागद नीट लावलेले होते. "सगळ्या शोरूममधून असे कागद फक्त तुमचेच," ते म्हणाले. "आमच्यातल्याच कुणीतरी यादी बाहेर फोडली, ते आम्ही बघतो आहोत. पण यावरून खरंच गाडी करायचा विचार चाललाय. या दहा बायकांना मला भेटायचंय. बोलवा."

डेमोकाकांनी मालकांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि मग सगळं कबूल केलं. "साहेब, दहाजणी नाहीत. एकच आहे. माझी बायको. पण अपेक्षा खऱ्या आहेत, एकही मी मनाने लिहिलेली नाही."

मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. साहेबांनी मात्र थोडा विचार केला. "खऱ्या असतील तर माझी हरकत नाही. त्यांच्या तोंडून ऐकतो. खोट्या निघाल्या, तर वर्षभर कंपनीला फसवल्यासारखं होईल. मग तुमचं काय करायचं ते मालक ठरवतील."

काकांना भीती वाटली नाही. काकू एकदा सुरू झाल्या की दहा काय, वीस बायकांचा माल निघेल, याची त्यांना खात्री होती. अडचण एवढीच होती की घरी सांगायचं काय. त्यांनी बराच विचार करून सांगितलं, "मोठे साहेब आलेत. मी गाडी कशी चालवतो, ते तुला विचारणार आहेत. जे काय असेल ते सांग. माझी नोकरी त्यावर आहे."

काकूंनी एकदा त्यांच्याकडे निरखून पाहिलं, पर्स घेतली आणि निघाल्या. वाटेत त्या मागून काहीच बोलल्या नाहीत. काकांनी दोनदा वळून त्या बसल्या आहेत ना, ते पाहिलं.

साहेबांनी फाइल उघडली. "मागची सीट अपुरी पडते का?"

"छे हो," काकू म्हणाल्या. "पलंगावर बसल्यासारखं वाटतं."

डेमोकाकांनी मान वर केली.

"खड्ड्यांचा त्रास?"

"खड्डे कधी येतात आणि कधी जातात, कळतसुद्धा नाही. एवढं सांभाळून चालवतात."

"तुमचं बोलणं यांना ऐकू जातं?"

"शब्दन् शब्द. मी हळू बोलले तरी गाडी बाजूला घेऊन विचारतात, काय म्हणालीस म्हणून."

साहेब पेनने एकेक ओळ खोडत चालले होते. "आणि पेट्रोल पंपावर कधी राहून गेलात, असं झालंय?"

"मी? यांच्यामागून?" काकूंनी कानाला हात लावला. "अहो, हात धरून बसवतात मला."

"अगं, त्या दिवशी नाही का," डेमोकाका कळवळून म्हणाले, "आठव जरा. पाऊण तास उभी होतीस..."

"तुम्ही गप्प बसा," काकूंनी दटावलं, आणि साहेबांकडे वळून त्या म्हणाल्या, "यांना स्वतःबद्दल वाईट बोलायची सवयच आहे. फार साधा माणूस आहे, साहेब. कुणी काही तक्रार केली असेल तर तुम्ही मनावर घेऊ नका."

साहेबांनी फाइल मिटली. मालकांनी खिशातली किल्ली काढली आणि डेमोकाकांच्या हातावर ठेवली. नऊ गाड्या विकल्यात म्हणून नोकरी राहिलीय, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. काकू तोवर दारापाशी गेल्या होत्या.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाले मालक?"

"उद्यापासून गोदाम माझ्याकडे."

"सगळं?"

"सगळं. मी एकटाच."

काकूंचा चेहरा असा उजळला की डेमोकाकांना पुढचं बोलवेना. गोदामाचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बायकोच्या तोंडून आपली स्तुती ऐकली, याचं सुखही होत होतं. कुठलं जास्त, ते त्यांचं त्यांना ठरवता येईना.

"खरं सांगू?" काकू मागे बसता बसता म्हणाल्या. "एवढं खोटं बोलताना माझी जीभ अडखळत होती हो. पण निभावलं ना?"

"उत्तम निभावलंस," डेमोकाका म्हणाले आणि त्यांनी गाडीला चावी लावली.