आबासाहेबांचा चौथा नियम

बंदूक ही मुळात गरीब वस्तू आहे. ती आपणहून उठत नाही, आपणहून भरली जात नाही आणि कोणाचं वाईट चिंतत नाही. जे काही बरंवाईट होतं ते माणसाच्या अज्ञानामुळे, आणि अज्ञान एका दिवसाच्या शिबिरात (चहा-जेवणासह) जातं, हे आता सर्वमान्य झालं आहे.

माढा तालुक्यातल्या आबासाहेबांचं अज्ञान असंच एका सोमवारी गेलं. त्यांचा दोन एकर मका कणसांवर आला होता. त्यावर घरच्या म्हशींचं वर्ष निघायचं. पण रोज तिन्हीसांजेला रानडुकरं ओढ्यातून वर येत आणि दोन-चार सऱ्या आडव्या करून जात. बंदूक वडिलांच्या वेळची होती. डुकरं मारायची परवानगीही अकरा कागदांनंतर मिळाली होती. अट एवढीच, की आधी सुरक्षित शिकारीचं शिबिर करावं.

शिबिराला एक्केचाळीस जण हजर होते, पैकी बंदूकवाले तीन. उरलेले जेवायला आले होते असं म्हणणं अन्यायाचं होईल, कारण त्यांतले चौघे जेवणाच्या आधीच आले होते. निवृत्त सुभेदार सिद्धनाथ यांनी नियम सांगितले. बंदूक कायम भरलेलीच समजावी. जे मारायचं नाही त्याच्याकडे नळी करू नये. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर नेऊ नये. आणि चौथा, डुकराच्या पलीकडे काय आहे ते आधी बघावं, कारण छर्रा डुकरापाशी थांबेलच असं नाही. शिवाय बारा बोअरच्या बंदुकीत वीस बोअरचं, म्हणजे त्याहून बारीक, काडतूस घालू नये. ते नळीत पुढे सरकून अडकतं, वर दुसरं घालून चाप ओढला की शिकार शिकाऱ्याचीच होते.

आबासाहेबांनी सगळं वहीत उतरवलं. बंदूक कपाटात गेली, काडतुसं वेगळ्या पेटीत, पेटीची किल्ली पत्नी बजाबाईंच्या कमरेला. कपाटासमोरून जाताना ते वाकून जाऊ लागले.

"आवं, रिकामीच हाय की ती," बजाबाई म्हणाल्या.

"रिकामी असली तरी भरलेलीच हाय. सुभेदार म्हणलेत."

परवानगीत आणखी एक कलम होतं. गोळीबाराची पूर्वसूचना ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून द्यावी, म्हणजे नागरिक तिकडे फिरकणार नाहीत. सूचना बुधवारी सकाळी दिली. संध्याकाळी समोरच्या बांधावर एकशे बारा नागरिक बसले होते.

डुकरं आली. नागरिक चिडीचूप झाले. एवढी शांतता या गावानं श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांतही पाळलेली नाही. आबासाहेबांनी नेम धरला, पलीकडे बघितलं, तर डुकराच्या पाठीमागे सरपंच युवराज मोबाईल धरून दिसत होते. बोट चापाबाहेरच राहिलं. त्यांनी हातानं बाजूला व्हायची खूण केली. नागरिक आज्ञाधारकपणे उठून मक्यात शिरले, कारण तिथून जास्त चांगलं दिसत होतं.

गुरुवारी भज्यांची गाडी आली. शुक्रवारी मोहोळचे पाहुणे आले. आबासाहेब रोज नेम धरत, पलीकडे बघत आणि काडतूस काढून ठेवत. मक्याची ताटं कडकड मोडत राहायची, पण चौथ्या नियमाला तोड नव्हती.

रविवारी रान मोकळं झालं. पाऊण एकर डुकरांनी संपवला होता, सव्वा एकर हितचिंतकांनी.

"डुकरं बरी म्हणायची," बजाबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या. "ती खायला तरी आल्ती."

आबासाहेबांनी बंदूक पुसली, कपाटात ठेवली आणि वाकून बाहेर आले. शिबिराच्या अहवालात मात्र नोंद झाली: अपघात शून्य, जखमी शून्य (डुकरांसह), शिबिर शंभर टक्के यशस्वी.

डुकरं आता सरपंचांच्या मक्यात उतरतात. तिथली सूचना उद्या सकाळी भोंग्यावर होईल. आबासाहेबांच्या दोन एकरांचं काय झालं हे कळूनही, इतकं सगळं होऊन एक बार निघाला नाही याचीच ज्यांना हळहळ वाटते आहे, त्यांनी जरा लवकर यावं. बांधावर तुमची जागा धरून ठेवली आहे.